कोडे घालावे, पण फसवू नये

रविवारची पुरवणी घरात आली की तिचे वाटे पडतात. कुणाला राशिभविष्य हवे असते, कुणाला सिनेमाचे पान, आणि घरातल्या एखाद्या आजोबांना किंवा मावशींना हवे असते फक्त शब्दकोडे. पेन्सिलीला टोक काढले जाते, चष्मा पुसला जातो, आणि पुढचा तासभर त्यांना कुणी हाक मारू नये अशी अपेक्षा असते. कोडे सुटले की शेरा ठरलेला: ‘आज अगदीच सोपे होते!’ आणि सुटले नाही तर तोही ठरलेला: ‘आज कोडे घालणाऱ्याने वाटेल ते लिहिले आहे!’

हा दुसरा शेरा दर वेळी रागापोटीच आलेला असतो असे नाही. पुष्कळदा तो खरा असतो. शब्दकोड्याची चौकट कितीही देखणी असली तरी कोड्याचा जीव असतो तो तिच्याखाली बारीक टाइपात छापलेल्या ओळींत. ‘आडवे शब्द’ आणि ‘उभे शब्द’ या मथळ्यांखालची ही शोधसूत्रे लिहिणे ही एक स्वतंत्र कला आहे. सोडवणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात, सूत्र लिहिणाऱ्याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

जुनी हौस, नवी चौकट

कोडी घालण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत ‘प्रहेलिका’ म्हणजे कोडी घालणे ही एक कला आहे. दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. आज लग्नात नाव घेताना जो उखाणा घेतला जातो, त्या ‘उखाणा’ शब्दाचा जुना अर्थही कोडे असाच आहे. म्हणजे शब्दांशी लपंडाव खेळणे मराठी घराला कुणी परदेशातून शिकवलेले नाही.

चौकोनांची चौकट मात्र बाहेरून आली. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले आर्थर विन हे न्यूयॉर्कच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात काम करीत. २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारी त्यांनी करमणुकीच्या पुरवणीत हिऱ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. आधुनिक शब्दकोड्याचा प्रारंभ तोच मानला जातो. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले, सोबत एक पेन्सिलही दिली, आणि अमेरिका वेडी झाली. लंडनच्या ‘टाइम्स’ने बराच काळ नाक मुरडले, पण १ फेब्रुवारी १९३० पासून तिथेही कोडे सुरू झाले.

इंग्लंडमध्ये मात्र या खेळाला निराळे वळण लागले. अमेरिकेतली सूत्रे बहुधा सरळ असत. शब्दाचा अर्थ द्यायचा आणि शब्द मागायचा. इंग्रजांनी सूत्रातच फिरकी घालायला सुरुवात केली. वर वर वाचले तर एक अर्थ, नीट पाहिले तर दुसराच. फिरकी वाढत गेली तसा प्रश्न उभा राहिला, की फिरकी किती असावी? सोडवणाऱ्याला चकवायचे, पण फसवायचे नाही, ही सीमा कुठे आखायची?

‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात ‘झिमेनीज’ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट हे व्यवसायाने शिक्षक. त्यांनी १९६६ मध्ये या कलेवर एक पुस्तकच लिहिले. त्यांच्या मते चांगल्या सूत्रात दोनच गोष्टी असाव्यात. एक, उत्तराचा नेमका अर्थ. दुसरी, त्या उत्तराकडे नेणारी प्रामाणिक खूण. याखेरीज एक शब्दही जास्त असता कामा नये. स्वयंपाकाच्या पाककृतीसारखेच हे आहे. जे लागते ते सगळे सांगायचे, आणि जे लागत नाही ते मुळीच सांगायचे नाही.

कोडे कोर्टात गेले तेव्हा

चांगले सूत्र आणि वाईट सूत्र यांतला फरक हा केवळ हौशी लोकांचा काथ्याकूट आहे असे कुणाला वाटेल. पण हाच फरक आपल्या देशात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल.

स्वातंत्र्याच्या आगेमागे शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे पेव फुटले होते. प्रवेशमूल्य भरायचे, कोडे सोडवून पाठवायचे आणि मोठ्या रकमेची वाट पाहायची. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर.एम.डी.सी. शब्दकोडी चालत. त्यांचा प्रसार मुंबई राज्यातही मोठा होता. मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, आणि पुढे १९५२ मध्ये राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. चालकांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे की हा आमचा व्यवसाय आहे, आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे.

इथे सगळा भार पडला तो सूत्रांवर. समजा, एक सूत्र असे आहे: ‘संकटात सापडलेल्याला हा द्यावा.’ दोन घरे, शेवटचे अक्षर ‘र’. धीर? जोर? दोन्ही शब्द बसतात, दोन्हींना अर्थ आहे. सोडवणाऱ्याने कितीही डोके चालवले तरी नेमका कोणता शब्द ‘बरोबर’ ते त्याला कळणार नाही, कारण सूत्रात ते सांगितलेलेच नाही. अशी आठ-दहा सूत्रे एका कोड्यात घातली आणि अधिकृत उत्तर आधीच ठरवून मोहरबंद ठेवले, की बक्षीस हुशारीला मिळत नाही, नशिबाला मिळते. आशेने एकेक माणूस दहा-दहा प्रवेशिका भरतो, आणि दर प्रवेशिकेचे पैसे मोजतो.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसून नशिबावर असते ती जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच दिवशी दुसऱ्या एका निकालात केंद्राचा १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदाही वैध ठरला. या कायद्याने अशा स्पर्धांत महिन्याला १,००० रुपयांपेक्षा अधिक बक्षिसे देण्यास मनाई केली, आणि लहान स्पर्धांना परवाना सक्तीचा करून प्रवेशिकांची मर्यादा २,००० ठेवली. मात्र न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: हे निर्बंध जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांना आहेत, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाहीत.

सामान्य वाचकाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की ज्या सूत्राचे उत्तर एकच आणि ते विचाराने सापडते, ते कोडे. ज्याची उत्तरे अनेक आणि खरे कोणते ते दुसऱ्याच्या पाकिटात, तो जुगार. त्या काळी किती घरांतला महिन्याचा किराणा या ‘र’च्या आधी काय असेल यावर लागला असेल, याचा विचार केला म्हणजे सूत्र प्रामाणिक असणे ही किती गंभीर गोष्ट आहे ते ध्यानात येते.

मराठीची आपली अडचण

मराठीत कोडे रचणाऱ्यापुढे आणखी एक डोंगर असतो. इंग्रजीत अक्षरे २६. दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर कुठले ना कुठले अक्षर जुळतेच. मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसह. पस्तीसएक व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे धरली तर जोडाक्षरे सोडूनच संख्या चारशेवर जाते. ‘नदी’ आणि ‘दिवा’ हे दोन शब्द कानाला जुळल्यासारखे वाटतात, पण एकाची वेलांटी दुसरी आणि दुसऱ्याची पहिली, म्हणून चौकटीत ते एकमेकांना छेदू शकत नाहीत. ‘नर्मदा’ लिहायला घरे तीनच लागतात: न, र्म, दा. त्यातल्या मधल्या ‘र्म’ला छेद देणारा शब्द शोधताना घाम फुटतो. म्हणून मराठी कोड्यात काळी घरे जास्त आणि शब्द दोन-तीन-चार अक्षरी असतात. हा कोडे रचणाऱ्याचा आळस नाही, लिपीचा स्वभाव आहे.

शुद्धलेखनाचाही प्रश्न आहे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी शिकलेल्या पिढीच्या हाताला ‘नांव’ लिहायची सवय, आणि चौकटीत मात्र ‘नाव’. उत्तरात फरक पडत नसला तरी छेदणाऱ्या शब्दात पडतो. म्हणून चांगला कोडेकार अशी घरे शक्य तो दुहेरी ठेवत नाही. म्हणजे वादग्रस्त अक्षर फक्त एकाच शब्दात येईल असे पाहतो.

पण मराठीने एका हाताने काढून घेतले ते दुसऱ्या हाताने भरभरून दिलेही आहे. श्लेष हा मराठीचा हातचा मळ. शिवाय लिंगभेद मदतीला असतो. उदाहरणार्थ: ‘डोक्याखाली असते ती, पाहुण्याला द्यायचा तो (२)’. उत्तर ‘मान’. ‘ती’ आणि ‘तो’ या दोन लहानशा शब्दांनी सगळे सांगून टाकले आहे, तरी सोडवणारा क्षणभर अडखळतो. किंवा हे पाहा: ‘गवयाने आळवावा, गृहस्थाने आवरावा (२)’. उत्तर ‘राग’. यात एकही शब्द फुकट नाही, आणि उत्तर कळल्यावर ‘अरेच्चा!’ म्हणावेसे वाटते. हे ‘अरेच्चा’ मिळाले की सूत्र जमले असे समजावे.

आता वाईट सूत्र पाहा: ‘एक फूल (३)’. मोगरा, गुलाब, कमळ, चमेली, शेवंती, जास्वंद, सगळी बाग बसते. हेच ‘चिखलात जन्मूनही लक्ष्मीचे आसन (३)’ असे लिहिले की बागेतले एकच फूल उरते, आणि मुलाला एक गोष्टही सांगता येते.

जबलपूरच्या घरातला खजिना

शब्दांच्या या खेळासाठी महाराष्ट्राबाहेरची मराठी घरे तर फारच भाग्यवान. जबलपूरचेच उदाहरण घ्या. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी आणि १७९८ नंतर नागपूरकर भोसल्यांनी या मुलखावर अंमल बसवला. तो अंमल १८१७-१८ मध्ये संपला, पण मराठी माणसाचे जाणेयेणे संपले नाही. पुढे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. नोकरी, शिक्षण, कोर्टकचेऱ्या यांच्या निमित्ताने कितीतरी कुटुंबे नर्मदेच्या काठी रुळली.

अशा घरात मुले बाहेर हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी, आणि मराठी उरते ती स्वयंपाकघरात नि देवघरात. आजीच्या तोंडचे शब्द नातवाला कळतात, पण त्याच्या तोंडी येत नाहीत. वापरात नसलेला शब्द माळ्यावरच्या पितळी भांड्यासारखा असतो. तो हरवलेला नसतो, पण त्याच्यावर कुणाचा हातही पडत नाही. शब्दकोडे हे असे भांडे खाली काढून घासायचे एक उत्तम निमित्त आहे.

आणि दोन भाषांच्या सीमेवर सूत्रांचा सुकाळ आहे. एकच शब्द हिंदीत एक आणि मराठीत भलताच! हे पाहा: ‘जबलपूरच्या गुरुजींनी दिली तर मूल शहाणे होते, पुण्याच्या गुरुजींनी दिली तर रडते (२)’. उत्तर ‘शिक्षा’. हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. किंवा: ‘मराठी मूल हिला हाक मारते, हिंदी शेजारीण विचारते, कोण आली? (२)’. उत्तर ‘आई’. पुण्या-मुंबईच्या मुलाला ही गंमत समजावून सांगावी लागेल. जबलपूरच्या मुलाला ती आपोआप कळते. ज्या दोन भाषांच्या ओढाताणीने घरातली मंडळी चिंतेत असतात, तीच ओढाताण इथे मुलाचे भांडवल ठरते.

गावाच्या नावांतही सूत्रे दडलेली असतात. ‘जबलपूरच्या पोटातली ताकद (२)’ याचे उत्तर चौकशी न करता मिळते. ‘ज’ आणि ‘पूर’ यांच्या मध्ये ‘बल’ बसलेलेच आहे. ‘उलटा फिरलेला गरीब, नर्मदा ही त्यांतलीच एक (२)’. ‘दीन’ उलटा केला की ‘नदी’. ‘भेडाघाटचा प्रसिद्ध धबधबा (४)’ हे सूत्र मात्र सरळ ठेवावे: धुवांधार. कारण सगळीच सूत्रे वाकडी असली तर सोडवणारा दमतो. जेवणात चटणी हवी, पण ताटभर चटणी कुणी वाढत नाही. दहा सूत्रांत चार सरळ, तीन श्लेषाची, दोन उलटापालटीची आणि एक खरोखर अवघड, असे प्रमाण घरगुती कोड्याला पुरते.

शब्द येतात कुठून?

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट यासंदर्भात सांगण्यासारखी आहे. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’साठी लिओनार्ड डॉ नावाचे एक मुख्याध्यापक कोडी रचत. मे १९४४ पासून त्यांच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून हे शब्द उत्तरे म्हणून येऊ लागले. नॉर्मंडीवर होणाऱ्या गुप्त स्वारीचे हेच सांकेतिक शब्द! ६ जूनची स्वारी अगदी तोंडावर आलेली. गुप्तहेर खात्याची माणसे मुख्याध्यापकांच्या दारी हजर झाली. चौकशीत त्यांचा काही दोष आढळला नाही. कित्येक वर्षांनी त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले, की चौकटीत भरायला शब्द सर मुलांकडूनच मागत, आणि मुलांनी ते जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले होते.

गोष्ट गमतीची आहे, पण तीत एक धडा आहे. कोडेकार शब्द कोशातून काढतो त्याहून अधिक ते आजूबाजूच्या माणसांच्या बोलण्यातून उचलतो. कोश हवाच. मोल्सवर्थचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घरात असला तर सोन्याहून पिवळे. पण कोशाचा उपयोग शब्द तपासायला करावा. शब्द शोधायला आजीकडेच जावे.

घरीच करून पाहा

पाच आडव्या, पाच उभ्या घरांची चौकट आखा. आधी दोन मोठे शब्द एकमेकांना छेदतील असे बसवा, मग लहान शब्द भरा, उरलेली घरे काळी करा. सूत्रे शेवटी लिहा. प्रत्येक सूत्राला तीन प्रश्न विचारा. उत्तर एकच आहे ना? अर्थ आणि खूण दोन्ही खऱ्या आहेत ना? एखादा शब्द फुकटचा तर नाही ना? उत्तर नेहमी मूळ रूपात मागा. ‘घोड्याला’ असे रूप मागितले तर नवशिका गोंधळतो. आणि कोडे छापण्याआधी किंवा पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी घरातल्या एका माणसाला सोडवायला द्या. त्याने वेगळेच पण चपखल उत्तर दिले तर त्याला चूक म्हणू नका. सूत्र बदला.

मुलांसाठी हा नियम तर दुप्पट पाळावा. मोठ्या माणसाला वाईट सूत्र भेटले तर तो कोडे घालणाऱ्याला बोल लावतो. मूल मात्र स्वतःला दोष देते. ‘मला मराठी येतच नाही’ असे त्याला वाटले की ते पेन्सिल खाली ठेवते, आणि मग ती पुन्हा हातात घ्यायला लावणे फार कठीण. उलट, थोडे चकवून शेवटी सापडलेला शब्द मूल विसरत नाही. तो त्याने स्वतः मिळवलेला असतो.

या आठवड्यासाठी सहा सूत्रे. पेन्सिल घ्या, आणि उत्तरे पाहण्याची घाई करू नका!

१. कालच्या मागे, उद्याच्या पुढे, दोन्हीकडे हाच (३)
२. देवापुढे दोन जोडावेत, सरकारचा एकही चुकवू नये (२)
३. डोळा, मागून वाचला तरी डोळाच (३)
४. हिंदीत रिकामे, मराठीत तळाशी (२)
५. जबलपूरच्या शेवटी नदीचा कोप (२)
६. स्वयंपाकघरात भाजी, शाळेच्या सभेत आई-वडील (३)

उत्तरे: १. परवा २. कर ३. नयन ४. खाली ५. पूर ६. पालक